पेंटब्रश लावायचा म्हणजे जोडी लावायची : कॅस्टिलेजाची ओळख आणि लागवड

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागात उन्हाळ्यात सेजब्रश नावाच्या करड्या झुडुपांच्या माळांवरून किंवा डोंगरांवरच्या ओलसर कुरणांतून हिंडताना, शेंदरात बुडवून काढलेल्या कुंचल्यांसारखे तुरे गवतातून वर डोकावताना दिसतात. हीच कॅस्टिलेजा. तिला इंग्रजीत इंडियन पेंटब्रश म्हणतात आणि त्या नावातल्या ‘इंडियन’चा संबंध भारताशी नसून अमेरिकेच्या मूलनिवासींशी आहे. शास्त्रीय नाव दोमिंगो कास्तियेखो या स्पॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञावरून पडले. तिची लिनारिइफोलिया ही जाती १९१७ पासून वायोमिंगचे राज्यपुष्प आहे. हे तुरे एकदा पाहिले की ते आपल्या बागेत असावेत असे कोणालाही वाटते, आणि नवख्यांचा पहिला प्रयत्न बहुधा वाया जातो. माती, ऊन, पाणी सगळे नीट सांभाळलेले असते, पण ती सगळी काळजी एकट्या रोपाची घेतलेली असते, आणि कॅस्टिलेजा एकटी फारशी तग धरत नाही.

अर्धपरजीवी म्हणजे काय

अमरवेल आणि बांडगूळ ही दोन्ही परजीवी असली तरी त्यांची राहणी वेगळी आहे. अमरवेलीला पाने नाहीत, त्यामुळे अन्नासाठी ती जवळजवळ पूर्णपणे दुसऱ्या झाडावर अवलंबून असते. बांडगुळाची पाने मात्र हिरवीगार असतात. ते स्वतःचे अन्न स्वतः तयार करते आणि पाणी व क्षार तेवढे फांदीतून ओढून घेते. अशा वनस्पतीला अर्धपरजीवी म्हणतात. चंदन हेच काम जमिनीखाली, मुळांच्या पातळीवर करते, म्हणून चंदनाची रोपे तयार करणारे त्याच पिशवीत तुरीसारखे एखादे सोबतीचे रोप लावतात. कॅस्टिलेजाची रीत चंदनासारखीच आहे. ज्याच्या मुळांवर ती पोसली जाते त्या झाडाला या लेखात यजमान म्हटले आहे.

कुळाच्या दृष्टीने मात्र तिचे नाते ज्वारीत येणाऱ्या टारफुल्याशी आहे. दोन्ही ओरोबँकेसी कुळातल्या आहेत. जुन्या पुस्तकांत त्या स्क्रोफ्युलॅरिएसी कुळात सापडतील. या दोघींमधला एक फरक लागवड करणाऱ्याने पक्का लक्षात ठेवावा. टारफुल्याचे बी यजमानाच्या मुळातून पाझरणाऱ्या रसायनाचा सुगावा लागल्याशिवाय उगवत नाही, तर कॅस्टिलेजाचे बी कोणाच्याही सोबतीशिवाय उगवते आणि रोप काही आठवडे, कधी काही महिनेही, स्वतःच्या बळावर राहते. त्यामुळे बी वेगळे रुजवून यजमान नंतर देण्याची मुभा आपल्याला मिळते. त्याचबरोबर फसगतही इथेच होते, कारण कुंडीतले एकटे रोप बरेच दिवस ठीक दिसते आणि पुढे वाढ खुंटून कधी सुकू लागते ते कळतही नाही.

मुळांची ही जोडणी डोळ्यांनी पाहता येते. यजमानासोबत वर्षभर वाढलेल्या, पण काही कारणाने मेलेल्या रोपाचा मातीचा गोळा बादलीभर पाण्यात तासभर भिजत ठेवावा आणि माती बोटांनी न ओरबाडता हळूहळू विरघळू द्यावी. कॅस्टिलेजाचे फिकट, बारीक मूळ जिथे गवताच्या मुळाला टेकलेले असते तिथे खसखशीच्या दाण्याएवढी गाठ दिसते. ही शोषकगाठ. ती यजमानाच्या मुळात घुसून त्याच्या पाणी वाहून नेणाऱ्या नलिकांपर्यंत पोचलेली असते. कॅस्टिलेजा पानांवाटे यजमानापेक्षा जास्त पाणी बाहेर टाकते आणि त्या ओढीमुळे पाणी तिच्याकडे वळते. एकदा ही गाठ आणि तिचा नाजूकपणा पाहिला की रोप उपटून दुसरीकडे लावण्याचा विचार मनात येत नाही.

ओळख : लाल दिसते ते फूल नव्हे

ओळखताना पहिली चूक होते ती रंगामुळे. शेंदरी, लाल, नारिंगी, पिवळा, गुलाबी किंवा पांढुरका जो भाग लांबून नजरेत भरतो तो मुख्यतः पाकळ्यांचा नसतो. बोगनवेलीत जसे कागदी रंगीत भाग हे खरे तर फुलाभोवतीचे छद म्हणजे रूपांतरित पाने असतात, तसेच इथेही आहे. छदांच्या आत चार दातांचा संदलपुंज, म्हणजे फुलाचे बाहेरचे आवरण, असतो आणि बहुधा तोही रंगीत असतो. खरा पुष्पमुकुट, म्हणजे पाकळ्यांचा भाग, ही त्यात लपलेली अरुंद नळी, आणि ती पुष्कळदा हिरवट असते. एक छद अलगद खाली वाकवून पाहिले की तिचा वरचा ओठ चोचीसारखा पुढे आलेला दिसतो. त्या चोचीत चार पुंकेसर बंद असतात आणि टोकाशी कुक्षीचा बारीक गोळा बाहेर डोकावतो. खालचा ओठ इतका आखूड असतो की तीन लहान दात किंवा फुगवटे एवढेच त्याचे रूप. लाल छदांच्या अनेक जातींना हमिंगबर्ड भेट देतात, आणि ती लांब, अरुंद नळी त्यांच्या चोचीला साजेशीच आहे.

त्यानंतर पाने पाहावीत. ती खोडावर एकाआड एक असतात, त्यांना देठ नसतो, खालची पाने बहुधा अरुंद व अखंड असतात आणि वर जाताना अनेक जातींत ती तीन किंवा पाच बोटांसारखी विभागत छदांमध्ये मिसळून जातात. पान आणि छद यांच्यातली सीमारेषा नेमकी कुठे आहे हे सांगता येऊ नये, हेच तिचे वैशिष्ट्य.

दिसायला जवळच्या वनस्पतींपासून तिला वेगळे करणे या दोन खुणांवर जमते. पेन्स्टेमोनची फुलेही लाल व नळीदार असतात, पण त्याची पाने समोरासमोर येतात आणि रंग पाकळ्यांचाच असतो. लाल साल्व्हियाचे खोड चौकोनी असते. स्कार्लेट गिलियाच्या नळीचे तोंड पाच टोकांच्या चांदणीसारखे उघडते. खरा घोटाळा होतो तो पेडिक्युलॅरिसच्या बाबतीत, कारण ती याच कुळातली, अर्धपरजीवी आणि काही जातींत लाल तुऱ्याचीही आहे. मात्र तिची पाने नेच्याच्या पानांसारखी कातरलेली असतात.

जातीपर्यंत पोचणे अवघड आहे. या प्रजातीत सुमारे २०० जाती आहेत, त्यांतल्या बहुतेक पश्चिम उत्तर अमेरिकेत आहेत, शेजारी वाढणाऱ्या जातींचा आपसांत संकर होतो आणि एकाच जातीत रंग बदलतात. रंगावरून जात ठरवण्याच्या फंदात नवख्याने पडूच नये. छद अखंड आहेत की विभागलेले, संदलपुंजाची चीर पुढच्या बाजूला खोल आहे की मागच्या, नळी छदांच्या बाहेर किती येते, अंगावर लव कशी आहे आणि जागा कोरडी आहे की ओलसर, या पाच गोष्टी टिपून घ्याव्यात. उदाहरणार्थ, कोरड्या माळावर अखंड पानांची आणि बहुतांशी अखंड छदांची शेंदरी-नारिंगी झुडुपे दिसली तर इंटेग्रा. डोंगराळ ओलसर कुरणात उंच, लाल तुरे असतील तर मिनिआटा. सेजब्रशमध्ये अगदी अरुंद पानांची, पुढून खोल चिरलेल्या संदलपुंजातून नळी बाहेर झुकलेली असेल तर लिनारिइफोलिया. पूर्वेकडची कॉक्सिनिया पहिल्या वर्षी जमिनीलगत पानांचे चक्र धरते आणि दुसऱ्या वर्षी फुलून संपते, तर टेक्ससमधली इंडिव्हिसा एका हंगामाची आहे.

बी आणि कायदा

रानातले रोप खणून आणू नये. नियम बाजूला ठेवले तरी ते जगत नाही, कारण खणताना यजमानाशी असलेल्या सगळ्या गाठी तुटतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांमधून रोप काय, बीसुद्धा नेण्यास बंदी आहे, आणि इतर सार्वजनिक जमिनींवर तिथल्या कार्यालयाकडे विचारणा केल्याशिवाय बी गोळा करू नये. काही जातींची अवस्था नाजूक आहे किंवा अलीकडेपर्यंत होती. वायव्येकडची पिवळी लेव्हिसेक्टा १९९७ मध्ये संकटग्रस्तांच्या संघीय यादीत गेली. जुन्या गवताळ प्रदेशांत वर्षानुवर्षे तिची लागवड केल्यानंतर २०२३ मध्ये ती यादीतून बाहेर आली.

बी स्थानिक वनस्पतींच्या बियाण्यांच्या विक्रेत्याकडून घ्यावे आणि आपल्याच भागातील जातीचे घ्यावे. डोंगरातली जाती उष्ण मैदानात लावण्याचा हट्ट सहसा यशस्वी होत नाही. बी इतके बारीक असते की एका ग्रॅममध्ये हजारो दाणे येतात. भिंगाखाली प्रत्येक दाण्याभोवती मधाच्या पोळ्यासारखी पारदर्शक जाळी दिसते. ती जाळी दिसली नाही तर पाकिटात काही वेगळेच आले असावे असे समजायला हरकत नाही.

पहिली पायरी : थंडीचा संस्कार

बहुतेक बहुवर्षायू जातींच्या बियांना ओलसर थंडी मिळाल्याशिवाय उगवण नीट होत नाही. सखल, कोरड्या भागातल्या जातींना साधारण ४ ते ६ आठवडे आणि उंच डोंगरातल्या जातींना ८ ते १२ आठवडे धरावेत. पेपर टॉवेल भिजवून घट्ट पिळून घ्यावा, त्यावर बी विरळ पसरावे, घडी करून झिपच्या पिशवीत ठेवावे आणि पिशवीवर जात व तारीख लिहून ती फ्रीजमध्ये २ ते ५ अंश सेल्सिअसला ठेवावी. टॉवेलमधून पाणी ठिबकत असेल तर बी कुजते. तिसऱ्या आठवड्यापासून दर आठवड्याला पिशवी उघडून पाहावी, कारण काही बिया फ्रीजमध्येच मोड काढतात आणि असे मोड आलेले बी त्याच दिवशी मातीत जायला हवे.

ज्यांच्याकडे हिवाळा खराखुरा थंड असतो त्यांनी हा खटाटोप टाळून नोव्हेंबर ते जानेवारीच्या दरम्यान बी कुंडीत पेरून कुंडी उघड्यावर ठेवावी. माझ्या मते नवख्यासाठी हाच मार्ग अधिक भरवशाचा आहे. इंडिव्हिसासारख्या हंगामी जातीला शीतसंस्काराची गरज नाही. ती शरद ऋतूत पेरली की थंडीत जमिनीलगत पाने धरते आणि वसंतात फुलते.

दुसरी पायरी : पेरणी

कुंडी रुंद असण्यापेक्षा खोल असावी. वृक्षांच्या रोपांसाठी वापरतात त्या लांब नळ्या उत्तम. मिश्रणात निम्म्याच्या आसपास परलाइट किंवा प्युमिस (दोन्ही हलके, सच्छिद्र खडे) किंवा जाड वाळू असू द्यावी, म्हणजे निचरा चांगला राहतो. शेणखत, कंपोस्ट किंवा खत मिसळलेली तयार माती वापरू नये. बी वाळूत कालवून पृष्ठभागावर पसरावे, तळहाताने दाबावे आणि वर वाळूचा अगदी पातळ थर द्यावा. झारीच्या धारेने बी एका कोपऱ्यात वाहून जाते, म्हणून पाणी कुंडी परातीत ठेवून खालून द्यावे. उगवणीसाठी १५ ते २० अंशांचे थंडसर हवामान मानवते. सगळे बी एकदम उगवत नाही. पहिला कोंब दिसल्यानंतरही महिनाभर वाट पाहावी.

या काळातला मोठा धोका म्हणजे रोपे जमिनीलगत बारीक होऊन कोलमडणे. त्यावर औषधापेक्षा खेळती हवा आणि विरळ पेरणी जास्त उपयोगी पडते. मात्र कोवळी रोपे एकदाही पूर्ण सुकू देऊ नयेत. वाफसा टिकवणे ही इथली खरी कसोटी आहे.

तिसरी पायरी : यजमान जोडणे

सगळे काम या पायरीवर येऊन ठरते, म्हणून ती सावकाश करावी. कॅस्टिलेजा यजमानाच्या बाबतीत फार चोखंदळ नाही. गवते, सूर्यफुलाच्या कुळातली झुडुपे, ल्युपिनसारख्या शेंगवर्गीय वनस्पती, यांतल्या अनेकांशी ती जोडली जाते. तरी निवडीने फरक पडतो. कोरड्या भागातील जातींसाठी ब्लू ग्रामा हे बुटके गवत किंवा फ्रिंज्ड सेज ही लहानशी आर्टिमिसिया सोयीची, डोंगरी व वायव्येकडच्या जातींसाठी आयडाहो फेस्क्यू किंवा रोमर्स फेस्क्यू ही गवते, आणि कॉक्सिनियासाठी लिटल ब्लूस्टेम हे गवत. बागेत पसरणारे, दाट गालिचा करणारे लॉनचे गवत टाळावे. ते यजमान होऊ शकते, पण कॅस्टिलेजाला उन्हाअभावी मारते.

ल्युपिनबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. इंडिव्हिसा ल्युपिनशी जोडली गेली की ल्युपिनमधली कडू अल्कलॉइडे तिच्या अंगात येतात, तिला किडीचा त्रास कमी होतो आणि बी जास्त धरते, असे प्रयोगांत दिसले आहे. ही गोष्ट झाडाच्या फायद्याची असली तरी आपल्यासाठी इशारा आहे. यजमानात जे असेल ते कॅस्टिलेजात येते, शिवाय ही झाडे मातीतले सेलेनियम हे जास्त झाल्यास विषारी ठरणारे मूलद्रव्यही साठवतात, म्हणून तिची फुले खाता येतात असे कोणी सांगितले तरी ती तोंडात घालू नयेत.

जोडणीची वेळ रोपाला ४ ते ६ खरी पाने आल्यावरची. यजमानाची रोपे तीन-चार आठवडे आधी पेरून तयार ठेवावीत आणि तीही लहानच असावीत. मोठे गवत लहान कॅस्टिलेजावर सावली धरते आणि फार कोवळे गवत तिची ओढ सोसत नाही. कॅस्टिलेजाच्या कुंडीत, तिच्यापासून दोन-अडीच सेंटिमीटरवर पेन्सिलीने भोक पाडून यजमानाचे रोप मातीच्या गोळ्यासकट त्यात बसवावे. हलवायचे ते यजमानाला. कॅस्टिलेजाच्या मुळांना हात लावू नये. त्यानंतर गवताची पाती दर दोन आठवड्यांनी कात्रीने कापून कॅस्टिलेजापेक्षा बुटकी ठेवावीत.

मुळे जोडली गेली की नाही हे वरून निश्चित सांगता येत नाही, पण अंदाज बांधता येतो. आतापर्यंत निपचित बसलेले रोप सहा-आठ आठवड्यांत नवी पाने आणि बाजूचे फुटवे काढू लागले, तर जोडणी झाली असे धरावे. याउलट यजमान पिवळा पडून मरू लागला तर घाबरून कॅस्टिलेजा उपटू नये. तिच्या दुसऱ्या बाजूला आणखी एक यजमान लावावा. दोन यजमान सुरुवातीपासून दिले तर अधिकच चांगले.

चौथी पायरी : जमिनीत लावणे आणि पहिली दोन वर्षे

जागा दिवसातून निदान सहा तास उन्हाची, पाणी न साठणारी आणि सुपीकपणात बेताची असावी. जोडी कुंडीतून एकत्र, गोळा न मोडता काढावी, आणि कुंडी कुजणाऱ्या कागदाची असेल तर तिच्यासकट लावावी. ढगाळ दिवस निवडावा. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा किंवा दोनदा खोलवर पाणी द्यावे, कारण एकाच मातीतून दोन झाडे पाणी पीत असतात आणि त्यांतले एक दुसऱ्याचेही पिते. दुसऱ्या वर्षापासून कोरड्या भागातील जातींना फक्त लांबलेल्या कोरड्या काळात पाणी पुरते. खत कधीही देऊ नये. नत्राने गवत माजते आणि फूल मागे पडते.

पहिल्या वर्षी बहुवर्षायू जातींची दोन-चार आखूड खोडे किंवा पानांचा झुबका एवढेच दिसेल. तुरे बहुधा दुसऱ्या वर्षी येतात. हिवाळ्यात खोड जमिनीपर्यंत वाळते, तेव्हा जागेवर खूण रोवून ठेवावी, नाहीतर वसंतात तण काढता काढता आपणच कोंब खुरपून टाकतो. ससे, हरणे आणि गोगलगायी कोवळ्या कोंबांवर येतात. पहिल्या वर्षी जाळीची टोपी पुरते. जागा आणि यजमान मनासारखे मिळाले तरी झाड काही वर्षांत संपू शकते, कारण अनेक जाती मुळातच अल्पायुषी आहेत, म्हणून बी धरणे हा लागवडीचाच भाग मानावा.

कुंड्यांचा व्याप नको असेल त्यांनी आधीच रुजलेल्या विरळ गवताच्या बुंध्यांमधली माती शरद ऋतूत पंजाने खरवडून त्यावर वाळूत कालवलेले बी फेकावे आणि पायाने दाबावे. बी जास्त लागते, रोपे थोडी येतात, पण जी येतात ती आपला यजमान स्वतः शोधून घेतात आणि त्यांना कधी हलवावे लागत नाही.

बी धरणे

तुऱ्याचा रंग उतरला की छदांच्या आत दोन कप्प्यांची बोंडे पिकतात, खालून वर, एकेक करून. खालची बोंडे तपकिरी होऊन टोकाशी फाकली की तुरा कागदी पिशवीत वाकवून हलकेच टिचकी मारावी. जेवढे पिकलेले असेल तेवढेच पडते, आणि उरलेल्यासाठी आठवड्याने पुन्हा यावे. बी पिशवीतच दोन आठवडे सावलीत वाळवून, बंद बाटलीत फ्रीजमध्ये ठेवावे. बागेत दोन जाती शेजारी असतील तर ते बी संकरित असू शकते, म्हणून ते बागेबाहेर, रानातल्या कुरणात उधळू नये. निम्मे बी त्याच शरदात मूळ झाडाच्या भोवतालच्या गवतात टाकावे आणि निम्मे पुढच्या हिवाळ्यासाठी राखावे.